उघडलं नाही, म्हणजे पास

बहुतेक कारागिरांच्या कामाची परीक्षा एकाच रीतीने होते. वस्तू चालली की पास. पंखा फिरला, नळाला पाणी आलं, मोटारसायकल पहिल्या किकला सुरू झाली, की गिऱ्हाईक खूश आणि कारागीरही खूश. आमचा धंदा उलटा. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात मेंटेनर आहे, आणि फाटकाची तपासणी करताना मी डोळ्यांत तेल घालून ज्या गोष्टीची वाट बघतो ती म्हणजे फाटक न उघडणं. हँडलला जोर लावला आणि दांडा तसूभर हलला नाही, की मी समाधानाने मान डोलावतो आणि रजिस्टरमध्ये 'ओके' लिहितो. नेमक्या त्याच क्षणी दांड्यापलीकडच्या गर्दीतून एकमुखाने आवाज येतो, "झालं! परत बंद पडलं!"

फाटकाच्या यंत्रणेचं तत्त्व दोन वाक्यांत मावतं. फाटक बंद होऊन त्याला कुलूप बसल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळता कामा नये. आणि सिग्नल एकदा मिळाला की गाडी निघून जाईपर्यंत फाटक उघडता कामा नये. एवढंच. ही दोन वाक्यं पाळली जावीत म्हणून गेटच्या खोलीशेजारी कपाटात रिले बसवलेले असतात, जमिनीखालून केबली गेलेल्या असतात, बॅटऱ्या असतात, आणि या सगळ्यांना जन्मतःच एक शिकवण दिलेली असते: शंका आली की लाल. केबल तुटली, लाल. बॅटरी उतरली, लाल. उंदराने वायर कुरतडली, लाल. रिलेला एवढीच अक्कल असते आणि तेवढ्या अकलेवर तो वर्षानुवर्षं बिनचूक नोकरी करतो. दांड्यापलीकडे उभ्या असलेल्या माणसाची अक्कल रिलेपेक्षा किती तरी जास्त. त्यामुळे त्याला शंका आली की तो म्हणतो, "जातंय की, घाल!"

आता तपासणी म्हणजे पेटी घेऊन गेलो आणि स्क्रू पिळला, असं नसतं. आधी स्टेशन मास्तरांची परवानगी लागते. त्यासाठी टी/३५१ नावाचा फॉर्म आहे. अमुक यंत्रणा अमुक वेळेपासून काढतो आहे, असं मी लिहून द्यायचं, मास्तरांनी वेळ टाकून सही करायची, काम संपलं की जोडली, तपासली, चालू आहे, असं मी पुन्हा लिहून द्यायचं. या कागदामुळे माणसं वाचतात, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तो हातात पडेपर्यंत मेंटेनर वाचेल की नाही, एवढाच प्रश्न.

"मास्तर, गेटचं टेस्टिंग करायचंय. मेमो देऊ?"

"आत्ता? डाऊन मेल आहे."

"मेल गेल्यावर?"

"मेलच्या मागे मालगाडी आहे."

"आणि मालगाडीच्या मागे?"

"तिच्यामागे माझं जेवण आहे."

मास्तरांचं चुकत नाही. फाटकाचं काही झालं तर गाडीला उशीर होतो, आणि उशिराचा हिशेब वरच्या ऑफिसला मिनिटामिनिटाने द्यावा लागतो. त्यामुळे कुठल्याही मास्तरांना चालू असलेल्या यंत्रणेला कोणी हात लावलेला आवडत नाही. बंद पडलेल्या यंत्रणेला हात लावायला मात्र ते मध्यरात्री घरी माणूस पाठवतात.

शेवटी मेल जाते, मालगाडी जाते, जेवण होतं, ताक होतं, आणि मला तास-पाऊण तास मिळतो. मी, माझा हेल्पर आणि गेटवर ड्यूटीला असलेल्या ताई, असे आम्ही तिघे कामाला लागतो. ताई गेटकीपर आहेत. हिरवा झेंडा, लाल झेंडा, हातबत्ती, शिट्टी, रुळावर ठेवायचे फटाके, आणि मॅग्नेटोचा फोन, एवढी सामग्री त्यांच्या ताब्यात असते. पण त्यांचं खरं हत्यार म्हणजे चेहरा. दांड्यापलीकडून काहीही ऐकू आलं तरी तो हलत नाही. मी कित्येक रिले हाताळलेत. इतका स्थिर एकही पाहिला नाही.

फाटक बंद करायला घेतलं की हूटर वाजतो. हूटर म्हणजे थांबा, असं आमच्या पुस्तकात आहे. रस्त्यावर त्याचा अर्थ 'धावा' असा होतो. इतका वेळ पाय ओढत चाललेला माणूस हूटर ऐकताच पळू लागतो. दुचाकी घेऊन पानटपरीवर गप्पा मारणाऱ्याला एकाएकी रुळांपलीकडे अतिशय तातडीचं काम असल्याचं आठवतं. मागे एकदा एका गृहस्थांनी दांडा खाली येत असताना डोकं वाकवून स्कूटर आत घातली, आणि पलीकडे पोचल्यावर तिथल्याच टपरीवर बसून चहा मागवला. चहा अलीकडेही मिळतो. टपरीवाले तर भाऊभाऊच आहेत.

दांडा खाली आला, कुलूप बसलं, किल्ली निघाली, की पहिला प्रश्न येतो. तो 'किती वेळ लागेल?' हा नसतो. "कोणती गाडी आहे?" हा असतो. आपल्या माणसाला थांबायला फारशी हरकत नसते. कोणासाठी थांबलोय ते मात्र कळलं पाहिजे. वंदे भारत असेल तर लोक मोबाईल काढून उभे राहतात आणि ती गेल्यावर सरकारचं काही तरी काम केल्याच्या समाधानात पांगतात. एक्स्प्रेसलाही मान आहे. कोणी तरी डब्यावरची पाटी वाचून ती कुठे चालली ते सगळ्यांना जाहीर करतो. मालगाडी आली की डबे मोजले जातात आणि एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही.

"अठ्ठावन्न."

"सत्तावन्न. तू गार्डचा डबा धरला असशील."

"मग तो काय फुकट आलाय का?"

पण कधी कधी नुसतं इंजिन येतं. पुढे काही नाही, मागे काही नाही, एकटंच ऐटीत शिट्टी मारत जातं. त्या वेळी फाटकावर जो अपमान पसरतो तो बघण्यासारखा असतो. एक आजोबा तर म्हणाले, "ह्याच्यासाठी? नुसत्या मुंडक्यासाठी?"

आणि टेस्टिंगच्या वेळी मुंडकंही नसतं. गाडी नाही, म्हणून तर टेस्टिंग. ताईंना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून त्या कोणालाही काही सांगत नाहीत.

"ताई, कोणती गाडी?"

"येतेय."

"अहो, पण कोणती?"

"आली की दिसंल."

यात खोटं काही नाही. गाडी कुठून तरी कुठे तरी येतच असते. पण आमच्या हेल्परला खरं बोलायची खोड आहे. कोणी विचारायचा अवकाश, तो सांगून मोकळा. "गाडी नाही. टेस्टिंग चालू आहे."

क्षणभर शांतता. मग, "म्हंजे गाडी नसताना बंद केलंय?"

"हो."

"आन् आता उघडतंय का?"

"नाही."

"मग दुरुस्त करा की राव!"

"दुरुस्त आहे, म्हणूनच उघडत नाही."

यानंतर हेल्परशी कोणी बोलत नाही. सगळे माझ्याकडे वळतात, कारण माझ्या हातात मीटर असतो. हातात मीटर असलेला माणूस आपल्याकडे एक तर वीज तोडायला आलेला असतो किंवा वीज जोडायला आलेला असतो. त्यामुळे दोघे-तिघे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरची तक्रार माझ्याकडेच नोंदवतात.

तपासणीतला सगळ्यात नाट्यमय भाग म्हणजे सिग्नल हिरवा केल्यावर फाटक अडून राहतं का, हे बघणं. ते राहतं. मग सिग्नल पुन्हा लाल करायचा. पण लाल केला म्हणून किल्ली लगेच सुटत नाही. समजा, सिग्नल हिरवा बघून ड्रायव्हर वेगात निघालाय आणि अचानक इकडे लाल झाला, तर शंभराच्या वेगातल्या गाडीला थांबायला एखादा किलोमीटर सहज लागतो. म्हणून यंत्रणेत टायमर असतो. १२० सेकंद तो कोणाचं काही ऐकत नाही.

ही १२० सेकंदं आमच्या तालुक्याच्या सामाजिक इतिहासात नोंदवण्यासारखी आहेत. त्या अवधीत वाढदिवसाचा केक वितळतो, नवरदेवाच्या गाडीतल्या करवल्यांना चक्कर येते, कोणाचा तरी मुहूर्त टळतो, कोणाची तरी तारीख कोर्टात पुकारली जाते, आणि निदान एक जण खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढे धरतो.

"बोला. साहेब आहेत."

"कुठले साहेब?"

"तुम्ही बोला तर."

मी फोन कानाला लावतो. पलीकडचे साहेब मला विचारतात, "कोण बोलतंय?" मी सांगतो, फाटकावरून. ते विचारतात, "कुठल्या?" मग फोनवाला माझ्या हातून फोन घेऊन त्यांना आपलं गाव, वडिलांचं नाव आणि मागच्या निवडणुकीतलं काम समजावून सांगतो. हे होईपर्यंत १२० सेकंदं संपतात, किल्ली सुटते, ताई हँडल फिरवतात, फाटक उघडतं, आणि फोनमुळे उघडलं म्हणून गावभर होतं. पुढच्या वेळी त्याच साहेबांना तीन फोन जातात. तो टायमर मात्र कोणाचाच फोन घेत नाही. सरकारी नोकरीत एवढा ताठ कणा मी दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही, माझा तर नाहीच.

पुढची चाचणी दांड्याची. दांडा पूर्ण खाली बसला नसेल, चार बोटं जरी वर राहिला असेल, तर सिग्नल हिरवा होता कामा नये. हे तपासायचं तर कोणी तरी दांडा हाताने थोडासा उचलून धरायला हवा. ते काम हेल्परचं. तो बिचारा दोन्ही हातांनी दांडा पेलून उभा राहतो, मी इकडे बटण दाबून सिग्नल देऊन बघतो, आणि मधल्या मध्ये तीन मोटारसायकली त्याच्या काखेखालून निघून जातात. जाताना प्रत्येक जण त्याला "थँक्यू भाऊ" म्हणतो. एकाच्या मागे बसलेल्याच्या मांडीवर कूलरचा खोका होता. त्याने हेल्परला "आनखी जरा वर" अशी सूचना केली. पाठोपाठ शेळ्यांचा कळप आला. शेळ्यांना वाकावं लागलं नाही, आणि खरं सांगायचं तर रुळ ओलांडताना दोन्ही बाजूंना मान वळवून बघणाऱ्या तेवढ्या त्याच होत्या.

"अरे, सोड दांडा!" मी ओरडलो.

"सोडला तर शेळीच्या कमरेत बसंल, साहेब."

रजिस्टरमध्ये 'बूम लॉक तपासला, ठीक' एवढंच लिहायचं असतं. शेळ्यांसाठी रकाना नाही.

यानंतर रुळ. गाडी कुठवर आलीय हे सिग्नलला कळतं ते रुळांतून खेळवलेल्या बारीकशा विद्युत्प्रवाहामुळे. १८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने ही युक्ती काढली. दोन रुळांच्या एका टोकाला बॅटरी जोडायची, दुसऱ्या टोकाला रिले. गाडी आली की तिची चाकं-आस दोन्ही रुळ जोडून टाकतात, प्रवाह मधूनच परततो, रिले उपाशी राहून पडतो, आणि सिग्नल लाल होतो. गंमत बघा: तार तुटली, बॅटरी संपली, रुळ मोडला, तरी रिले पडतोच. म्हणजे कुठे काहीही बिघडलं की यंत्रणा म्हणते, गाडी आली असं समजा. दीडशे वर्षांत या युक्तीत सुधारणा पुष्कळ झाल्या, पण तिचा भित्रा स्वभाव कोणी बदलला नाही, म्हणून आपण जिवंत आहोत.

तिची चाचणी घ्यायची तर अर्ध्या ओहमचा रोध दोन रुळांवर आडवा जोडायचा आणि रिले पडतो का बघायचं. थोडक्यात, गाडी आली नसताना आली आहे असं रुळांना पटवायचं. मी उकिडवा बसून हे करत असतो तेव्हा माझ्याभोवती तज्ज्ञ मंडळी जमतात.

"करंट सोडला काय रुळात?"

"असतोच. कायमचा असतो."

असं म्हणताच एक आजोबा दोन्ही पाय उचलून बाजूला झाले. या वयात माणूस दोन्ही पाय एकदम कसे उचलतो, हे मला अजून उमगलेलं नाही. मी त्यांना सांगितलं, बाबा, दोन-चार व्होल्टचा करंट आहे, मुंगीला कळणार नाही. त्यांना पटलं नाही. त्यांनी धोतर सावरलं, चपला तपासल्या आणि रुळाला शिवू नये म्हणून लांब ढांग टाकून गेले. त्यांच्या मागोमाग त्यांचा नातू गेला, खांद्यावर लोखंडी पाइप उभा धरून. डोक्यावरच्या तारेत २५ हजार व्होल्ट आहेत, तिकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. "अरे, पाइप आडवा धर!" म्हणून मी किंचाळलो तर नातू म्हणाला, "आडवा धरला तर लोकांना लागंल."

वरच्या तारेला कोणाचा माल लागू नये म्हणून फाटकाच्या दोन्ही अंगांना ४.६७ मीटर उंचीची लोखंडी कमान असते. कडब्याची गाडी भरणाऱ्याला ही उंची माहीत असते. तो मुद्दाम पावणेपाच मीटर भरतो. कमानीखालून गाडी घासून गेली की वरचा कडबा रस्त्यावर पडतो आणि रस्त्यावरच्या म्हशी तो खातात. या म्हशी त्याच वेळेला तिथे कशा हजर असतात, हा वेगळ्या चौकशीचा विषय आहे.

पण या सगळ्या किरकोळ गोष्टी. आमचा खरा सण म्हणजे उसाचा हंगाम. धुराडं पेटलं, की दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस सुरू होतात. ट्रॅक्टरवर डेक असतो, डेकवर असं गाणं असतं की त्यापुढे हूटर म्हणजे लाजऱ्या मुलीचं बोलणं. आणि मग फोन येतो. ताईंच्या फोनची भाषा ठरलेली आहे.

"साहेब, दांडा गेला."

"कुठे?"

"कारखान्याला."

दांड्याचा निम्मा भाग ट्रॉलीत अडकून वजनकाट्यापर्यंत जाऊन आला, असं एकदा घडलंय. काट्यावर त्याचं वजन उसात धरलं की नाही, हे शेवटपर्यंत कळलं नाही. तुटलेल्या दांड्याला कुलूप बसत नाही, कुलूप नाही तर सिग्नल नाही, म्हणून अशा वेळी ताई बाजूला ठेवलेला सरकता दांडा रस्त्यावर आडवा ओढतात. तोवर गाडी सिग्नलला उभी. पंचनाम्याला मला हजर राहावं लागतं, कारण रेल्वे कायद्याचं १६० वं कलम आहे आणि फाटक मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. ट्रॅक्टरवाल्याला कलम सांगितलं.

"दांडा कुठे होता?" पोलिसांनी विचारलं.

"खाली येत हुता."

"आणि तुम्ही?"

"मी पुढं जात हुतो."

"मग?"

"मग दोघंबी थांबलो नाय."

याच्याइतका नेमका जबाब मी वकिलाच्या तोंडूनही ऐकलेला नाही.

खरी गंमत म्हणजे त्या वेळी सिग्नलला उभा राहणारा लोको पायलट. फाटकाच्या सिग्नलच्या खांबावर पिवळ्या गोलात काळा 'जी' असतो. तो सिग्नल लाल दिसला तर पायलटने गाडी थांबवायची, लांब शिट्टी द्यायची, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबायचं, तरी हिरवा झाला नाही तर जपून फाटकापर्यंत यायचं, गेटकीपर आहे ना, झेंडा दाखवतोय ना, हे बघायचं आणि मगच पुढे. हजार-दीड हजार माणसं मागे घेऊन, ज्याला कोणी हात लावू शकत नाही असा गडी, मुकाट्याने घड्याळात बघत उभा राहतो. आणि पिशवीत अर्धा किलो भेंडी असलेला माणूस थांबू शकत नाही, कारण भेंडी शिळी होईल.

कायद्याने रस्त्यावरच्यांकडूनही पूर्वी असंच काही तरी मागितलं होतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १३१ वं कलम वाचाच. बिनचौकीदाराच्या फाटकाशी आलं की गाडी थांबवायची, क्लीनरने खाली उतरायचं, चालत रुळापर्यंत जायचं, दोन्ही बाजूंना बघायचं आणि मग पुढे चालत गाडीला पलीकडे न्यायचं. क्लीनर नसेल तर ड्रायव्हरने स्वतः उतरायचं, बघून यायचं, पुन्हा गाडीत बसायचं. हे कलम लिहिणारा माणूस कोणत्या देशात राहत होता कोण जाणे. आमच्या भागातले क्लीनर त्या वेळी टपावर झोपलेले असत. नंतर अशा फाटकांवर लोकांना थांबवायला 'गेट मित्र' नेमले गेले. जगात दुसरीकडे कुठे मैत्रीची अशी अवघड नोकरी असेल असं वाटत नाही. शेवटी जानेवारी २०१९ अखेर ब्रॉडगेजवरची बिनचौकीदाराची सगळी फाटकं संपवली, आणि कलम मात्र क्लीनरची वाट बघत तसंच उभं आहे.

तसं बघता रस्त्याला सिग्नल दिला तोही रेल्वेवाल्यांनीच. लंडनला पार्लमेंटसमोर १८६८ च्या डिसेंबरात जगातला पहिला रस्त्यावरचा सिग्नल लागला तो जॉन पीक नाइट या रेल्वेच्या माणसाच्या डोक्यातून. रेल्वेसारखेच हात वर-खाली होणारे आणि रात्री गॅसचे दिवे. महिन्याभरात गॅसचा भडका उडाला आणि तो चालवणारा पोलीस भाजला. आमच्या खात्याने रस्त्याचं भलं करायचा पहिला प्रयत्न केला त्याचं हे फळ. त्यानंतर आम्ही आपापल्या रुळांवर लक्ष दिलं असतं तर बरं झालं असतं, पण रस्ता दर दोन-चार किलोमीटरवर येऊन आडवा जातोच.

फाटक उघडण्याची चाचणी आम्ही घेत नाही, याचं कारण ती घेता येत नाही. फाटक उघडतं, पण रस्ता उघडत नाही. बंद असताना अलीकडचे लोक डाव्या बाजूला रांग लावतात, मग उजवी बाजू मोकळी दिसते म्हणून तिथेही लावतात. पलीकडच्यांनाही तीच अक्कल सुचलेली असते. दांडे वर जातात आणि दोन्ही सैन्यं पूर्ण रुंदीने समोरासमोर उभी राहतात. मधोमध रुळ. मग प्रत्येक जण दुसऱ्याला नियम शिकवतो. हे शिक्षण चालू असताना पुढच्या गाडीची वेळ होते, ताई हूटर वाजवतात, आणि रुळावरची जीप मागे-पुढे सरकू शकत नाही. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. दिव्याच्या फाटकापायी लोकल लेट झाल्याचं ज्याने ऐकलं नाही, तो मध्य रेल्वेने गेलेलाच नाही.

या नोकरीचा घरावर परिणाम होतो. मी कोणाच्या तोंडच्या 'बंद केलंय' वर विश्वास ठेवत नाही. गॅसचं बटण बंद आहे असं घरातल्यांनी सांगितलं तरी मी जाऊन ओढून बघतो. सोसायटीच्या लिफ्टचं दार अर्धवट ठेवून ती हलते का, हे बघायचा मोह मला आवरत नाही; वरच्या मजल्यावर माझ्याविषयी काय बोललं जातं ते मला माहीत आहे. गेटकीपर आणि मास्तर फोनवर बोलले की पुरावा म्हणून एकमेकांना दोन आकडी प्रायव्हेट नंबर देतात, तो लिहून घेतल्याशिवाय बोलणं खरं धरत नाहीत. लग्नानंतर काही वर्षांनी एकदा बायकोचा फोन आला. "येताना दूध आणा. काय आणायचं ते परत सांगा." मी सांगितलं. "बरोबर. प्रायव्हेट नंबर बेचाळीस," असं म्हणून तिने फोन ठेवला. त्या दिवसापासून घरात माझ्या धंद्याचा विषय मी काढत नाही.

मध्यंतरी आमच्या फाटकावर वाहनांची मोजणी झाली. दिवसभरातल्या गाड्या गुणिले दिवसभरातली वाहनं, असा एक आकडा काढतात, आणि तो एक लाखाच्या वर गेला की उड्डाणपुलाचा विचार सुरू होतो. या मोजणीत बैलगाडी एक धरतात आणि रिक्षा अर्धी. ही बातमी रिक्षा स्टँडवर पोचली तेव्हा बराच क्षोभ झाला.

"बैल एक आणि आम्ही अर्धे?"

"बैल नाही, बैलगाडी," मी समजावलं.

"म्हंजे तेच. चार लोक घेऊन जातो आम्ही."

"सात घेऊन जाता," ताई म्हणाल्या. त्या दिवशी त्या पहिल्यांदा आपणहून बोलल्या.

गावच्या कारभाऱ्यांनी यावर उपाय काढला. मोजणीच्या आठवड्यात प्रत्येकाने कामाला जाताना एकदा आणि कामाशिवाय दोनदा फाटक ओलांडायचं. आठवडाभर अख्खं गाव ट्रॅक्टरवर, बैलगाडीत, जावयाच्या कारमध्ये बसून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे हिंडत होतं. इतकी गर्दी झाली की फाटकच बंद होईना, फाटक बंद होईना म्हणून गाड्या रखडल्या, आणि मोजायला बसलेल्या पोरांचा पेन संपला. आकडा किती भरला ते वरच्या ऑफिसला माहीत. पूल अजून कागदावर आहे, आणि कागदावर त्याच्याखालून पाणीही वाहत नाही.

शेजारच्या गावाचं नशीब जोरावर होतं. त्यांचं फाटक काढून रुळाखालून भुयारी मार्ग दिला. मोठा समारंभ झाला, फीत कापली, भाषणात 'आता थांबणे नाही' असं वाक्य आलं. उन्हाळाभर ते लोक आमच्या फाटकावर थांबलेल्यांकडे पाहून हसत गेले. मग मृगाचा पाऊस पडला. रुळाखालचा खड्डा तो खड्डाच. सगळ्या शिवाराचं पाणी तिथे मुक्कामाला आलं. दुसऱ्या दिवशी त्यात म्हशी बसल्या. तिसऱ्या दिवशी एक जीप बसली. आणि चौथ्या दिवसापासून ते सगळं गाव वळसा घालून आमच्या फाटकावर यायला लागलं, आणि दांड्याला टेकून, मालगाडीचे डबे मोजत, फार प्रेमाने बोलायला लागलं.

परवा टेस्टिंग चालू असताना त्यांच्यातले पाच-सहा जण माझ्याकडे आले. पुढे एक पागोटेवाले होते.

"सायेब, एक इनंती हाय. आमच्या बोगद्याला फाटक बसवा."

"बोगद्याला? कशाला?"

"पानी भरलं की बंद झालं पायजे. दोन्हीकडनं. आन् ह्यो भोंगा पन पायजे."

मी त्यांना सांगितलं की बोगद्यातलं पाणी आमच्या खात्यात येत नाही. त्यांनी ते ऐकूनच घेतलं नाही. पाण्याची उंची दाखवणारा लाल दिवा कुठे लावायचा, त्याची जागाही त्यांनी ठरवली होती. ताई इतका वेळ हँडलला हात ठेवून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "आणि फाटक बंद झाल्यावर तुम्ही थांबणार का, बाबा?"

पागोटेवाल्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं. जरा विचार केला.

"ते पानी किती हाय, त्याच्यावर हाय," ते म्हणाले.